शिल्लक 42 : एका गाव-वाचनालयातील विक्रमाची वाट

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागात, काळ्या कापसाच्या जमिनीच्या पट्ट्यात, साधारण दोन हजार वस्तीचे एक गाव आहे. गावात 'ड' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे : एक खोली, पुढे पत्र्याचा व्हरांडा आणि व्हरांड्याच्या भिंतीवर जुन्या शाळेतून आणलेला काळा फळा. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी वडीलधारी मंडळी, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आणि संध्याकाळी गृहपाठ घेऊन बसणारे विद्यार्थी असा तिथला नेहमीचा वाचकवर्ग आहे. या वाचनालयात 2024 च्या पावसाळ्यापासून 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत बर्फावरच्या हॉकीतील एका विक्रमाच्या मोजणीवरून जे घडले, त्याची ही मांडणी आहे. मी वाचनालयाच्या कामाशी जोडलेला असल्याने निर्णयाच्या बैठकांना उपस्थित होतो. गावाची आणि व्यक्तींची ओळख लपवली आहे. खेळातील आकडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

सुरुवात आपल्या मैदानी हॉकीपासून झाली. 8 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने स्पेनला 2-1 असे हरवून कांस्यपदक राखले. दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगचे होते आणि गोलरक्षक श्रीजेशचा तो शेवटचा सामना होता. तो सामना व्हरांड्यात मोबाइलवर पाहिला गेला, आणि ज्या मुलांनी हातात कधी हॉकी स्टिक धरली नव्हती त्यांना या खेळाची गोडी लागली. पुढच्याच महिन्यात गणपतीसाठी गावी आलेला एक अभियंता, जो अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जवळ नोकरी करतो, त्याने या मुलांना दुसऱ्याच हॉकीची गोष्ट सांगितली. तिथे बर्फावर, चेंडूऐवजी रबराच्या चकतीने हॉकी खेळतात. त्याच्या शहराच्या संघात अलेक्झांडर ओवेचकिन नावाचा रशियन खेळाडू आहे. तो आता एकोणचाळीस वर्षांचा होतो आहे आणि येत्या हंगामात एक मोठा विक्रम मोडण्याच्या बेतात आहे, एवढी ती गोष्ट होती.

विक्रम समजायला सोपा होता. वेन ग्रेट्झकी या कॅनडाच्या खेळाडूने अमेरिका-कॅनडातील संघांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये 1,487 सामन्यांत 894 गोल केले आणि 1999 साली तो निवृत्त झाला. त्याने स्वतः 23 मार्च 1994 रोजी गॉर्डी हाऊ यांचा 801 गोलांचा विक्रम ओलांडला होता, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान तीस वर्षे त्याच्याकडेच होता. ओवेचकिनचे हंगामापूर्वी 853 गोल होते. बरोबरीसाठी 41 आणि पुढे जाण्यासाठी 42 हवे होते. अभियंता परत गेला. पण जाण्यापूर्वी त्याने फळ्यावर खडूने 'शिल्लक 42' असे लिहून ठेवले. पुढचे सगळे प्रकरण त्या दोन शब्दांभोवती घडले.

अडचण कशी उभी राहिली

पहिले काही आठवडे हा पाच-सहा मुलांचा विरंगुळा होता. सकाळी जो आधी येईल त्याने मोबाइलवर निकाल पाहायचा आणि फळ्यावरचा आकडा बदलायचा, एवढाच नियम होता. दिवाळीनंतर मात्र वर्तमानपत्र वाचणारी मंडळीही आत शिरण्यापूर्वी फळा पाहू लागली. बर्फ उभ्या आयुष्यात लस्सीच्या गाडीवरच पाहिलेले एक आजोबा रोज विचारीत, "बुढ्यानं आज मारला का?" ओवेचकिनची दाढी पांढरी होऊ लागली आहे, त्यावरून गावाने त्याला हे नाव दिले होते. मला वाटते, आकर्षणाचे खरे कारण तिथेच होते. उतारवयातला माणूस तरण्यांच्या खेळात टिकून आहे, ही गोष्ट शेतात राबणाऱ्या साठीच्या माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

पहिला ताण वेळेचा होता. वॉशिंग्टनमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि तिकडचे घड्याळ पुढे सरकले की साडेचारला सुरू होतो. भरतीची मुले पहाटे पाचला धावायला उठतच असल्याने किल्ली त्यांच्याकडे असे. त्यांच्या मागोमाग शाळकरी मुलेही पहाटे व्हरांड्यात दिसू लागली. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्यावर दोन पालकांनी सचिव गुरुजींकडे तक्रार केली. त्यांतील एका आईचे म्हणणे अगदी नेमके होते : "पोरगं चारले उठते म्हणून मले आनंद झाला, अन् मंग समजलं का ते अभ्यासाले नाही उठत." मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतील वेळ बदलली, तेव्हा काहीजण जुन्या हिशेबाने साडेपाचला आले आणि सामन्याचा पहिला तासभर हुकल्याने चिडले. ही गोष्ट किरकोळ होती, पण वेळापत्रक कुणाच्याच जबाबदारीत नाही हे तिने उघडे केले.

दुसरा ताण दुखापतीचा होता. ओवेचकिनने पहिल्या अठरा सामन्यांत पंधरा गोल करून सुरुवात केली होती. 18 नोव्हेंबर रोजी यूटा संघाविरुद्ध दोन गोल केल्यावर त्याच सामन्यात टक्कर होऊन त्याच्या डाव्या पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड मोडले. फळ्यावर 'शिल्लक 27' असा आकडा आला आणि तिथेच थांबला. तो सोळा सामने खेळला नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, लोक पहाटेच शेतात जात, आणि रोज तोच आकडा पाहायला कोण थांबणार? व्हरांड्यातील गर्दी निम्म्यावर आली.

तिसरा ताण पैशांचा होता आणि प्रकरण हातघाईवर आणणारा तोच ठरला. 23 फेब्रुवारीला ओवेचकिनने एडमंटनविरुद्ध तीन गोल केले, एकूण संख्या 882 झाली आणि फळ्यावर 'शिल्लक 13' लिहिले गेले. विक्रम याच हंगामात मोडणार याची सर्वांना खात्री वाटू लागली. त्या आठवड्यात भरतीच्या मुलांपैकी एकाने शंभर पानी वही काढली. प्रत्येकाने शंभर रुपये द्यायचे, विक्रमाची तारीख सांगायची, आणि ज्याची तारीख बरोबर येईल त्याने सगळी रक्कम घ्यायची. वही वाचनालयाच्या टेबलाच्या खणात ठेवली गेली. ग्रंथपाल ताई पावती-पुस्तक शोधत असताना ती त्यांच्या हाती लागली. वहीत त्यांच्याच एका चुलत दिराचे नाव होते.

समोर असलेले पर्याय

गुरुजींनी बैठक बोलावली. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि नियमांच्या बाबतीत कडक आहेत. त्यांचे म्हणणे सरळ होते. पैसे लावून अंदाज बांधणे हे 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, वाचनालयाला 1967 च्या ग्रंथालय अधिनियमानुसार अनुदान मिळते, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने खणातली ती वही पाहिली तर उत्तर द्यायला कुणीही पुढे येणार नाही. त्यामुळे फळा पुसावा, पहाटे कुलूप उघडू नये आणि विषय संपवावा, हा त्यांचा प्रस्ताव होता.

दुसऱ्या बाजूला दोन सदस्यांना ही पोरांची गंमत वाटत होती. शंभर रुपयांसाठी एवढा बाऊ कशाला, पोळ्याच्या दिवशी चढाओढीने म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांवरही पैजा लागतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा पर्याय सोपा होता, आणि गावाच्या संस्थांमध्ये बहुतेक वेळा तोच स्वीकारला जातो.

ताईंनी तिसरी बाजू मांडली, आणि माझ्या मते त्या बैठकीतील सर्वांत टोकदार मुद्दा त्यांचाच होता. फळा पुसला तर मोजणी थांबणार नाही. ती चौकातल्या पानठेल्यावर जाईल, आणि तिथे खेळ उरणार नाही, फक्त पैसा उरेल. इथे निदान कुणीतरी ग्रेट्झकी कोण होता हे विचारतो. त्यांचे म्हणणे होते की पैसे परत करावेत, अंदाज चालू ठेवावेत आणि बक्षीस म्हणून वाचनालयाने एक पुस्तक द्यावे.

चर्चेत आणखी एक गोष्ट पुढे आली, जिच्याकडे तोवर कुणी लक्ष दिले नव्हते. 'विक्रम' म्हणजे नेमके काय, हे वहीत लिहिलेलेच नव्हते. 894 झाले की विक्रम, की 895? बाद फेरीतील गोल धरायचे की नाही? तारीख अमेरिकेतील की आपल्याकडची? एका सदस्याने तर ग्रेट्झकीने 1978-79 मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन या दुसऱ्या लीगमध्ये केलेले 46 गोल का धरायचे नाहीत, असाही प्रश्न उपस्थित केला. हे सगळे त्याला माहीत होते, यात मला नवल वाटले नाही. दुखापतीच्या दिवसांत ताईंनी फळ्याच्या शेजारी रोज एक कागद लावायला सुरुवात केली होती, त्यातलेच हे एक होते.

काय केले

ताईंच्या प्रस्तावाला दुरुस्तीसह मान्यता मिळाली. ज्यांनी पैसे दिले होते त्यांना बोलावून, वहीत सही घेऊन, रक्कम परत करण्यात आली. ज्या मुलाने वही काढली होती त्यालाच हे काम दिले, आणि त्याने ते चोख केले. त्यानंतर प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठीवर नाव व तारीख लिहून ती चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची असे ठरले. डब्यावर ताईंनी स्वच्छ अक्षरात नियम चिकटवला : नॅशनल हॉकी लीगच्या नियमित हंगामातील 895 वा गोल, लीगच्या अधिकृत नोंदीप्रमाणे, तारीख भारतीय वेळेनुसार.

पहाटेच्या बैठकीबाबत निर्णय थोडा कठोर झाला. परीक्षा संपेपर्यंत शाळकरी मुलांना पहाटे प्रवेश बंद करण्यात आला आणि त्याऐवजी संध्याकाळी सहाला गोलांच्या चित्रफिती एकत्र पाहायच्या असे ठरले. हा बदल अपेक्षेपेक्षा चांगला चालला, कारण चित्रफीत थांबवून पुन्हा पाहता येत असे. मैदानाच्या डाव्या बाजूच्या वर्तुळात उभे राहून, आलेली चकती न थांबवता, एका झटक्यात मारण्याची ओवेचकिनची पद्धत मुलांनी तेव्हाच नीट ओळखली. प्रतिस्पर्धी संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना (गोलरक्षक सोडून पाचांविरुद्ध चार) तो याच जागी उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत असूनही त्याला अडवता का येत नाही, यावर एक संध्याकाळ पूर्ण गेली. भरतीच्या मुलांपैकी एकाचे उत्तर मला अजूनही पटते : त्याला अडवायला एक माणूस लावला की बाकीच्या चौघांसाठी तीनच उरतात.

दुखापतीच्या काळातील कागदांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो निर्णय बैठकीत झालेला नव्हता. आकडा अडला तेव्हा फळा पुसावा की तसाच ठेवावा, याबद्दल कुणी कुणाला विचारले नाही. ताईंनी फळ्यावरच्या 27 ला हात न लावता शेजारी कागद लावला आणि त्यावर हाऊ यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी ग्रेट्झकीचे 1,963 गोलसाहाय्य (सहकाऱ्याच्या गोलाला दिलेले पास) आणि गोल धरून एकूण 2,857 गुण यांचा हिशेब आला, आणि खाली कुणीतरी पेन्सिलीने विचारले की हा विक्रम कधी मोडेल. ओवेचकिन त्याच्या जवळपासही नाही, असे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या कागदावर होते. गर्दी निम्मी होती, पण त्या निम्म्यांनीच पुढे डब्याचा नियम समजून घेतला आणि इतरांना समजावला. 28 डिसेंबरला, आपल्याकडे 29 च्या पहाटे, तो टोरंटोविरुद्ध परतला आणि त्याच सामन्यात गोल केला. त्या सकाळी फळ्यासमोर जी मंडळी होती, ती बहुतेक कागद वाचणारीच होती.

पानठेल्याबाबत मात्र काहीच केले गेले नाही. पैसे परत मिळालेल्यांपैकी काहींनी दोनच दिवसांत तिथे नवी पैज लावली. यावेळी वही नव्हती. सगळे तोंडी होते आणि रक्कम ठेल्यावाल्याकडे होती. समितीला याची कुणकुण होती, पण आपल्या आवाराबाहेरची गोष्ट म्हणून तिने तिकडे पाठ फिरवली.

निष्पत्ती

4 एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे आपल्याकडे 5 एप्रिलच्या पहाटे, ओवेचकिनने शिकागोविरुद्ध दोन गोल करून 894 ची बरोबरी साधली. सामन्याच्या अखेरीस शिकागोने जादा खेळाडू उतरवण्यासाठी आपला गोलरक्षक काढून घेतला होता आणि गोल मोकळा होता. तरी रिकाम्या गोलात चकती टाकून विक्रम मोडायचा नाही म्हणून तो त्या वेळी बर्फावर उतरला नाही. या गोष्टीवर व्हरांड्यात बराच वाद झाला. गुरुजींना ती मोठेपणाची वाटली, तर वही काढणाऱ्या मुलाला ती वेडेपणाची वाटली, कारण गोल तो गोल.

6 एप्रिलला रविवार होता आणि रामनवमीही. न्यूयॉर्कमधील सामना तिकडे दुपारी साडेबाराला, म्हणजे आपल्याकडे रात्री दहाला होता. मिरवणूक आटोपून, महाप्रसादाचे ताट घेऊन, माणसे थेट व्हरांड्यात आली. अभियंत्याने आपल्या घरातील टीव्हीसमोर फोन उभा करून व्हिडिओ कॉल लावून दिला होता आणि इकडचा फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता. चित्र तुटत होते. अकरा वाजून गेल्यावर एका मुलाच्या खिशातला दुसरा फोन वाजला आणि त्यावर बातमी आली; माठाजवळच्या चित्रात ओवेचकिन अजून आपल्या वर्तुळाकडे सरकतच होता. जवळपास अर्धा मिनिट काही जणांना निकाल माहीत होता आणि काहींना नव्हता. मग सहकारी टॉम विल्सनकडून आलेली चकती त्याने गोलरक्षक इल्या सोरोकिनला चुकवून आत मारली आणि बर्फावर पोटावर झोपून घसरत गेला. सामना थांबवून सत्कार झाला; ग्रेट्झकी स्वतः तिथे हजर होता. हा ओवेचकिनचा 1,487 वा सामना होता, ग्रेट्झकीच्या एकूण सामन्यांइतकाच. तो सामना वॉशिंग्टनने 4-1 असा गमावला, हे व्हरांड्यातील बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळले.

डबा सोमवारी उघडला. 6 एप्रिल ही तारीख कुणीच लिहिली नव्हती. सर्वांत जवळची चिठ्ठी नववीतल्या एका मुलीची होती. पहाटेची बंदी तिलाही लागू होती आणि तिने सर्व सामने संध्याकाळच्या चित्रफितींतूनच पाहिले होते. नियम आधीच लिहिलेला असल्याने निकालाबद्दल एकही हरकत आली नाही.

पानठेल्यावर नेमके उलटे झाले. 4, 5 आणि 6 एप्रिल अशा तिन्ही तारखा सांगणारे तिघे निघाले. पहिल्याचे म्हणणे होते की बरोबरी हाच विक्रम आणि गोल अमेरिकेत झाला, म्हणून तारीख तिथली. दुसऱ्याला बरोबरी मान्य होती, पण तारीख आपल्याकडची हवी होती. तिसऱ्याच्या मते मोडल्याशिवाय विक्रम नाही. प्रत्येकाचे तर्कशास्त्र आपापल्या जागी ठीक होते, आणि ठरवणारा कुणी नव्हता. गोष्ट शिवीगाळीवर आणि एकदा कॉलर धरण्यापर्यंत गेली. ठेलेवाल्याने अखेर ज्यांची नावे आठवली त्यांना पैसे परत केले. ज्यांची आठवली नाहीत ते आजही त्याच्याकडे पान खात नाहीत. त्यातील दोघे एकमेकांचे साडू आहेत आणि त्यांच्यात बोलणे नाही.

फळ्याचे काय झाले, हेही नोंदवले पाहिजे. 'शिल्लक 0' लिहिल्यानंतर आठवडाभरात सकाळची गर्दी ओसरून मोजणी सुरू होण्यापूर्वीइतकी झाली. ओवेचकिनने तो हंगाम 44 गोलांसह, एकूण 897 वर संपवला. पण शेवटचे दोन गोल फळ्यावर आले नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचा 900 वा गोल झाला, तेव्हा तो वर्तमानपत्रातून कळलेले माझ्या माहितीत चार-पाच जण होते.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिली गोष्ट फळ्याच्या मांडणीची आहे. 'शिल्लक' हा एकच आकडा लिहिल्याने लोक झपाट्याने जमले, यात शंका नाही. पण त्याच आकड्याने त्यांना शून्यावर आणून सोडले. संघाचे गुणतक्त्यातील स्थान, सहकारी खेळाडूंची कामगिरी, बाद फेरीचे वेळापत्रक हे सुरुवातीपासून शेजारी असते, तर एप्रिलमध्ये वॉशिंग्टन बाद फेरीत खेळत असताना व्हरांडा रिकामा राहिला नसता. दुखापतीच्या काळातील कागदांनी हे शक्य असल्याचे दाखवले होते. ते कागद फेब्रुवारीत, आकडा पुन्हा वेगाने धावू लागल्यावर बंद पडले, ही चूक मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

दुसरी गोष्ट पालकांची आहे. त्यांना तक्रारीनंतर बोलावले गेले. ऑक्टोबरमध्येच सामन्यांची भारतीय वेळ लिहिलेला कागद घरोघरी गेला असता, तर पहाटेचा प्रश्न परीक्षेच्या तोंडावर आला नसता, आणि मार्चमधील वेळबदलही कुणाच्या तरी जबाबदारीत राहिला असता.

पानठेल्याबाबत माझे मत समितीतील अनेकांना पटत नाही. वाचनालयाने ठेलेवाल्याला डब्याचा नियम एका कागदावर लिहून दिला असता, तर पैज थांबली नसती, हे खरे. पण निदान 894 की 895 हा वाद झाला नसता. गुरुजींचे म्हणणे असे की नियम लिहून देणे म्हणजे जुगाराला मान्यता देणे. हा आक्षेप हलका नाही. त्यावर मी सुचवलेला मार्ग असा होता की डब्याचा नियम चौकातील सार्वजनिक फलकावरही लावावा, पैजेचा उल्लेख न करता. तो सुचवेपर्यंत एप्रिल उजाडला होता.

सध्या समितीपुढे नवा अर्ज आहे. त्या मुलांपैकी काहींना फळ्यावर तालुका पातळीवरील शालेय हॉकी स्पर्धेचे निकाल लिहायचे आहेत आणि शेजारी हरमनप्रीतच्या गोलांची नोंद ठेवायची आहे. गुरुजींनी दोन अटी घातल्या आहेत : फळ्यावर 'शिल्लक' हा शब्द नको, आणि आकडा कोणत्या नोंदीवरून घेतला हे त्याच्याखाली लिहिलेले हवे. मुलांनी दुसरी अट मान्य केली आहे. पहिलीवर पुढच्या बैठकीत चर्चा व्हायची आहे.